झोपेत दात खाणारं मूल: आवाजापेक्षा श्वासाकडे कान द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा पाच वर्षांचा आहे. गेले काही महिने तो रात्रीतून दोन-तीनदा इतक्या जोरात दात खातो की शेजारच्या खोलीत ऐकू येतं. पुढचे दात आखूड झाल्यासारखे दिसतात. आजीच्या सांगण्यावरून जंतांचं औषध दोनदा देऊन झालं, फरक पडला नाही. एका दंतवैद्यांनी नाईट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर चढवायची प्लेट, बसवायला सांगितलं. आणि अलीकडेच शाळा बदलल्यामुळे त्याच्या मनावर ताण आला असेल का, ही बोच तुम्हाला लागून राहिली आहे.

आधी गार्डचं सांगतो, कारण तो निर्णय तुमच्या हातात आत्ता आहे: थांबा, बनवून घेऊ नका. बाकीचं सावकाश वाचा.

लहान मुलांनी झोपेत दात खाणं फार सर्रास आढळतं. जगभरातले अभ्यास एकत्र करून 2013 मध्ये जो आढावा निघाला, त्यात हे प्रमाण 3.5 टक्क्यांपासून 40.6 टक्क्यांपर्यंत होतं. एवढी तफावत पाहून हसू येईल, पण तिला कारण आहे. यातले बहुतेक आकडे आईवडिलांना विचारून काढलेले असतात. जे मुलाजवळ झोपतात त्यांना आवाज ऐकू येतो, जे दुसऱ्या खोलीत गाढ झोपतात त्यांना नाही. त्याच आढाव्यात दोन गोष्टी मात्र ठळक होत्या. मुलगा-मुलगी असा फरक नाही, आणि वय वाढत जातं तसं हे कमी होत जातं. माझ्याकडे या तक्रारीसाठी येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना मी काहीही उपचार करत नाही. तपासतो, नोंद ठेवतो आणि सहा महिन्यांनी परत बोलावतो.

मग एवढं लांबलचक उत्तर कशाला? कारण उरलेल्या थोड्या मुलांमध्ये दात खाणं ही खूण असते, आणि ती खूण बहुधा दातांबद्दल नसतेच.

रात्री नेमकं काय घडतं ते पाहू. झोप सलग एकसारखी नसते. आपण सगळेच रात्रीतून अनेकदा, तीन ते पंधरा सेकंदांपुरते, जागेपणाच्या काठावर येतो आणि पुन्हा आत जातो. सकाळी त्यातलं काही आठवत नाही. या क्षणी मेंदू किंचित सावध होतो, हृदयाचे ठोके वाढतात, बरेचदा एक खोल श्वास घेतला जातो आणि त्यापाठोपाठ चघळण्याचे स्नायू साधारण सेकंदाला एक या तालात आखडू लागतात. दात एकमेकांवर टेकलेले असले तर आवाज होतो, नसले तर होत नाही. म्हणजे जबडा हलणं हा या साखळीतला शेवटचा दुवा. सुरुवात मेंदूत आणि झोपेत होते.

ही समज तशी अलीकडची. 1961 मध्ये रामफ्योर्ड या दंतसंशोधकांनी स्नायूंच्या विद्युत नोंदी घेऊन असं मांडलं होतं की दात नीट जुळत नसले की माणूस दात खातो. त्यानंतर कित्येक वर्षं उंच वाटणारे दात घासून चाव 'बरोबर' करण्याचा उपचार चालला. पुढे झोपेच्या प्रयोगशाळांतून नोंदी जमू लागल्या तसं चित्र पालटलं, आणि 2001 च्या सुमारास या विषयातले जाणकार उघड म्हणू लागले की सूत्रं दातांकडे नाहीत, मेंदूकडे आहेत. 2018 मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय एकमतानुसार तर एरवी निरोगी माणसाच्या झोपेतल्या दात खाण्याला आजार म्हणायचंच नाही, ती स्नायूंची एक हालचाल समजायची. तरीही तुमच्या मुलाचे दात घासून चाव जुळवतो असं कोणी म्हणालं, तर नम्रपणे नको म्हणा. घासलेलं एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, पुन्हा येत नाही.

तेव्हा खरा प्रश्न असा: झोप वरचेवर काठावर कशामुळे येते? पुष्कळ मुलांमध्ये विशेष काही कारण सापडत नाही. मेंदू वाढतो आहे, झोपेची घडी अजून बसते आहे. आईवडिलांपैकी कोणी लहानपणी दात खात असेल तर मूल खाण्याची शक्यता जास्त असते, हेही अनेकदा दिसतं. पण एक कारण असं आहे जे मी प्रत्येक मुलात मुद्दाम शोधतो, आणि तुमच्या पत्रात नेमका त्याचाच उल्लेख नाही. तो श्वास.

टॉन्सिल आणि नाकामागच्या अॅडिनॉइडच्या गाठी साधारण तीन ते सहा-सात या वयात घशाच्या मानाने सर्वांत मोठ्या असतात. दात खाण्याचं वयही नेमकं हेच. जागेपणी स्नायू घट्ट असतात, त्यामुळे वाट उघडी राहते. झोपेत ते सैलावतात, वाट अरुंद होते, श्वास घ्यायला जोर लागतो आणि मेंदू झोप हलकी करून मुलाला त्यातून बाहेर काढतो. असं काठावर येणं जितकं जास्त, तितकं दात खाणं जास्त. टॉन्सिल-अॅडिनॉइड काढल्यावर बऱ्याच मुलांचं दात खाणं कमी झालेलं किंवा थांबलेलं अभ्यासांत दिसलं आहे. याचा अर्थ दात खातो म्हणून शस्त्रक्रिया करा असा मुळीच नाही. ती श्वासाच्या त्रासासाठी करायची असते. पण त्रास आहे की नाही हे कोणी पाहिलेलंच नसतं, कारण आवाज दातांचा असतो आणि मूल दातांच्या डॉक्टरांकडे आणलं जातं.

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो. तीन-चार रात्री, झोप लागल्यावर आणि मग पहाटेच्या सुमारास, मुलाजवळ पाच-दहा मिनिटं बसा. पांघरूण छातीपर्यंत बाजूला करून मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या, चेहरा आणि छाती दोन्ही दिसतील असा. तोंड उघडं आहे का? मान मागे टाकून, हनुवटी वर करून झोपतो का? घोरतो का, आणि आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री घोरतो का? सर्दी झालेली असताना कोणीही घोरेल, ते सोडून द्या. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का? मध्येच श्वास थांबून मग एकदम हुंदक्यासारखा येतो का? अंथरूणभर लोळतो का, डोकं घामाने भिजतं का? दिवसाकडेही पाहा. सकाळी डोकं दुखतं म्हणतो का, तोंड कोरडं असतं का, अंथरूण ओलं करणं बंद होऊन पुन्हा सुरू झालंय का? इथे मोठ्यांचा अनुभव मुलांना लावण्याची गफलत होते. झोप नीट न झालेला मोठा माणूस दिवसा पेंगतो. लहान मूल पेंगण्याऐवजी जास्तच उड्या मारतं, चिडतं, एका जागी बसत नाही. 'खूप मस्तीखोर आहे' या शेऱ्यामागे कधी कधी अपुरी झोप असते.

यातलं बरंच जुळत असेल तर पुढची भेट बालरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांची, आणि व्हिडिओ सोबत न्या. तो व्हिडिओ तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगेल. गरज वाटली तर ते झोपेची तपासणी सांगतील. त्या अहवालातला आकडा वाचताना एक लक्षात ठेवा: मोठ्यांमध्ये ताशी पाचपर्यंत श्वास अडणं चालवून घेतलं जातं, मुलांमध्ये ताशी एकापासूनच ते दखलपात्र मानतात. प्रत्येक वेळी शस्त्रक्रियाच लागते असंही नाही. नाकाच्या अॅलर्जीमुळे वाट चोंदलेली असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या नाकातल्या फवाऱ्याने झोप सुधारू शकते, आणि तिच्यासोबत दात खाणंही उतरू शकतं. काही मुलांची टाळू अरुंद आणि उंच असते, मागचे वरचे दात खालच्यांच्या आत बसतात. तिथे टाळू रुंदावणाऱ्या उपकरणाचा विचार होतो, मात्र त्याचं कारण जबड्याची ठेवण हे असतं, रात्रीचा आवाज नव्हे.

घरात कोणी धूम्रपान करत असेल तर ते इथेच सांगायला हवं. दुसऱ्याच्या धुराचा आणि मुलांच्या दात खाण्याचा संबंध आढाव्यांमध्ये ठळकपणे पुढे आला आहे. बाल्कनीत जाऊन ओढणं म्हणजे बंद करणं नव्हे.

आता आजींचे जंत. ही समजूत आपल्याकडचीच नाही, जगात अनेक ठिकाणी आहे, आणि ती कुठून आली असावी हे कळतं. सुतासारख्या बारीक पांढऱ्या कृमींच्या माद्या रात्री गुदद्वाराबाहेर येऊन अंडी घालतात, तिथे जोराची खाज सुटते, मूल झोपेत तळमळतं. झोप मोडली की दात खाणं आलंच. म्हणजे एखाद्या मुलात आजींचं बरोबरही निघू शकतं. पण दात खाणाऱ्या मुलांमध्ये सरसकट जंत जास्त असतात, असं अभ्यासांतून ठामपणे निघालेलं नाही. म्हणून नुसत्या आवाजावरून औषध देत राहू नका. रात्री गुदद्वारापाशी खाज असेल तर पहाटे, शौचाला किंवा आंघोळीला जाण्याआधी, त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी टेकवून तपासायला देता येते. अंडी सापडली तर घरातल्या सर्वांनी औषध घ्यायचं असतं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा, नाहीतर कृमी घरातल्या घरात फिरत राहतात. तुमच्याकडे दोन वेळा औषध होऊनही फरक नाही आणि खाजेची तक्रार नाही, तर हा धागा इथे सोडा.

दात आखूड दिसतात त्याबद्दल. दुधाच्या दातांची झीज काही प्रमाणात व्हायचीच असते. पाचव्या वर्षाच्या आसपास जबडा वाढतो, पुढच्या दातांमध्ये फटी पडतात, सुळ्यांची टोकं बोथट होतात, आणि त्या सपाट झालेल्या दातांवरून खालचा जबडा पुढे सरकायला मोकळा होतो. झीज हळू असेल तर दात आतल्या बाजूने नवा थर चढवून नसेचं रक्षण करतो, त्यामुळे सपाट झालेले दातही सहसा दुखत नाहीत. शिवाय पुढचे खालचे दात सहा-सात आणि वरचे सात-आठ वर्षांच्या सुमारास पडणारच आहेत. म्हणून मी पुढच्या दातांकडे कमी आणि दुधाच्या दाढांकडे जास्त पाहतो. त्यांना दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायचं आहे, चावण्याचा भार त्यांच्यावर आहे आणि येणाऱ्या पक्क्या दातांची जागाही त्याच राखून धरतात. दुधाच्या दातावरचं एनॅमल जेमतेम एक मिलिमीटरचं, पक्क्या दातापेक्षा बरंच पातळ. दाढेचा मध्यभाग पिवळसर दिसू लागला, थंड लागलं की मूल कळवळतं, दात राखाडी झाला किंवा हिरडीवर फोड आला, तर थांबायचं नाही. अशा दाढेवर फिलिंग करता येतं, झीज फार असेल तर स्टीलची तयार कॅप. ती दिसायला चंदेरी असते, मुलांना त्याचं काही वाटत नाही, पालकांनाच वाटतं.

इथे एक चकवा आहे, तो दंतवैद्यांनाही चकवतो. सगळी झीज दात खाण्याची नसते. दातावर दात घासून झालेली झीज सपाट, चकचकीत असते आणि वरचा सपाट भाग खालच्या सपाट भागाशी किल्ली-कुलपासारखा जुळतो. आम्लामुळे झालेली झीज वेगळी दिसते: दाढेच्या टोकांवर वाटीसारखे खळगे पडतात, जुनं फिलिंग आजूबाजूच्या दातापेक्षा उंच उरतं. असे खळगे असले तर दिवसभर घोटघोट प्यायली जाणारी आंबटगोड पेयं, किंवा पोटातलं आम्ल वर येण्याचा त्रास, या दोन गोष्टींची चौकशी व्हायला हवी. आम्ल वर येण्यानेही झोप मोडते, म्हणजे दोन्ही प्रकार एकाच तोंडात सापडू शकतात. आम्लाने मऊ झालेला दात घासला तर पटकन जातो. तुमच्या दंतवैद्यांना सरळ विचारा, 'ही झीज घासल्याची की आम्लाची?'

ताणाचं काय? संबंध आहे, पण तुम्ही समजता तेवढा सरळ नाही. चिंता करणारी, हळवी, सगळं बरोबर व्हावं म्हणून धडपडणारी मुलं जास्त दात खातात असं काही अभ्यासांत दिसतं, आणि शाळा बदलणं, भावंड येणं, घरातली भांडणं अशा काळात ते वाढल्याचं पालकही सांगतात. पण शाळेत रमलेली, हसतीखेळती मुलंही रात्री खुशाल दात खातात. दात खातो म्हणजे मनात काहीतरी दडलंय, असा उलटा निष्कर्ष काढू नका. त्याचं दिवसाचं वागणं काय सांगतं ते महत्त्वाचं. खातो-पितो, खेळतो, शाळेत जाताना फार रडत नाही, तर अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही. तसं नसेल तर शाळेबद्दल त्याच्याशी बोला, दातांबद्दल नको. पाहुण्यांसमोर 'हा रात्री दात खातो बरं का' अशी गंमत मात्र टाळा. जी गोष्ट त्याच्या ताब्यातच नाही, तिच्याबद्दल त्याला लाज वाटायला नको.

झोपेची शिस्त ऐकायला कंटाळवाणी वाटते, पण माझ्याकडच्या उपायांत सर्वांत जास्त उपयोगी पडणारी तीच. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून दिवसाला दहा ते तेरा तास झोप लागते, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा. बहुतेक घरांत प्रत्यक्ष हिशोब केला की तासभर तरी कमी भरतो. झोपायची वेळ रोज तीच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही फार हलवू नका. झोपण्याआधीचा तास मोबाइल-टीव्हीशिवाय, मंद उजेडात जाऊ द्या. दुपारनंतर चहा-कॉफी, कोला आणि चॉकलेट नको. धसमुसळे खेळ संध्याकाळी लवकर उरकू द्या. हे दोन-तीन आठवडे नेटाने करून मग फरक पाहा, दोन रात्रींत काही ठरवू नका.

आता गार्डकडे परत. मोठ्यांमध्ये नाईट गार्ड दात वाचवतो, दात खाणं थांबवत नाही. पाच वर्षांच्या मुलात त्याचा हिशोब वेगळा होतो. जबडा वाढतो आहे, सहाव्या वर्षी मागे पहिली पक्की दाढ येणार, पुढचे दात हलून पडणार. आज नीट बसलेली प्लेट काही महिन्यांत घट्ट होते आणि दोन्ही बाजूंना जखडून ठेवणारी कडक प्लेट वाढीच्या आड येऊ शकते. गरम पाण्यात मऊ करून घरीच चावून बसवायचे तयार गार्ड तर मुलांना देऊच नयेत. ते सैल होतात आणि चावून तुटलेला तुकडा झोपेत घशात जाऊ शकतो. वरच्या जबड्यावरच्या प्लेटमुळे झोपेत श्वास अडण्याचा त्रास वाढल्याचं काही प्रौढ रुग्णांत दिसलं आहे. ज्या मुलाचा श्वास अजून तपासलेलाच नाही, त्याच्या तोंडात प्लेट का घालू नये, ते यावरून लक्षात येईल. पक्के दात सगळे आल्यावर, किशोरवयातही खाणं चालू असेल आणि झीज दिसत असेल, तेव्हा गार्डचा विचार रास्त.

मॅग्नेशियम, कॅल्शियमच्या गोळ्या आणि पावडरी यांबद्दलही पालक नेहमी विचारतात. रक्तात कमतरता सापडली तर ती भरून काढावीच, पण दात खाणं थांबावं म्हणून त्या देण्याला भक्कम आधार नाही. उलट काही औषधांमुळे दात खाणं सुरू होऊ शकतं: लक्ष एकाग्र होण्यासाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट, किंवा चिंता-नैराश्यासाठी दिली जाणारी फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारखी. मूल असं काही घेत असेल तर ते स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी सुरू केलं त्यांच्या कानावर घाला.

ज्या मुलांना सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम किंवा ऑटिझम आहे आणि जी दिवसा जागेपणीही तासनतास दात खातात, त्यांना वरचं सगळं जसंच्या तसं लागू करू नये. तिथे झीज झपाट्याने होते आणि दंतवैद्य, बालरोगतज्ज्ञ व थेरपिस्ट यांनी मिळून ठरवावं लागतं. उलट टोकाला, आठ-दहा महिन्यांचं बाळ नव्या चार दातांची करकर दिवसभर वाजवत बसतं. तो खेळ आहे, सोडून द्या.

एका प्रकारात मात्र वाट पाहू नका. दात खाताना अंग ताठ होतं, डोळे एका बाजूला फिरतात, एकीकडचा हात-पाय झटके देतो, लाळ गळते किंवा नंतर मूल बराच वेळ भांबावल्यासारखं असतं, तर ते झोपेतलं साधं दात खाणं नसून फिट असू शकते. व्हिडिओ घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा.

पुढे मी तुमच्या जागी असतो तर असं करतो: आधी चार रात्री व्हिडिओ आणि झोपेच्या तासांचा हिशोब. मग बालदंतरोगतज्ज्ञांकडून दाढांची तपासणी आणि दातांचे फोटो किंवा ठसे. सहा महिन्यांनी त्यांच्याशी नवे फोटो ताडून पाहिले की झीज चालू आहे की जुनीच आहे ते कळतं. एकदाच पाहून ते कोणालाच सांगता येत नाही. सहाव्या वर्षानंतरच्या भेटीत नव्या पक्क्या दाढांवर झीज दिसते का ते आवर्जून विचारा.

शेवटी तुम्ही विचारलंत की आवाज आला की त्याला उठवावं का. उठवू नका. झोप मोडल्याने जे घडतंय त्यावर अजून झोपमोड करून काही साधत नाही. तो पाठीवर झोपून घोरत असेल तर हलकेच कुशीवर वळवा, नसेल तर हातही लावू नका.